फाइल तयार आहे, पण घरात कुणी उघडू देत नाही

पत्र थोडक्यात: इंदूरचे एक वाचक, वय ६४, नोकरीतून निवृत्त. घरी पत्नी आणि ८९ वर्षांची आई. एकुलती मुलगी लग्नानंतर पुण्यात. मागच्या हिवाळ्यात त्यांचे शाळेपासूनचे मित्र सकाळी फिरायला निघताना बूट घालता घालता हृदयविकारानं गेले. मित्राच्या पत्नीला मोबाइलचा पिन माहीत नव्हता, कुठल्या बँकेत काय आहे तेही नव्हतं. दहाव्याच्या दिवशी त्या कागदांनी भरलेली पिशवी घेऊन यांच्यासमोर बसल्या. तेव्हापासून या वाचकांनी 'माझ्यानंतर' या नावाची फाइल करायला घेतली. खाती, विमा, पेन्शन, घराचे कागद, कोणते विधी करायचे आणि कोणते नाहीत, सगळं तिच्यात आहे. एका रविवारी जेवणं झाल्यावर ती पत्नीसमोर ठेवली. पत्नी काही न बोलता उठून आत गेल्या आणि आता फाइलचं नाव काढलं की अबोला धरतात. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्हाला डिप्रेशन आलंय, डॉक्टरांना दाखवा." मित्रांच्या ग्रुपवर विषय काढला तर कुणी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं, कुणी सुप्रभातची फुलं. ते लिहितात, "आमच्या वाडवडिलांच्या काळी माणसं मरणाकडे धीटपणे बघायची. आता सगळे पळपुटे. माझ्या आईचं वेगळंच आहे, ती रोज दिवेलागणीला 'देवा, ने आता' म्हणते आणि मी तिला रागावतो की असं अभद्र बोलू नये. पण माझं म्हणणं व्यवहाराचं आहे. घरच्यांना कसं समजावू? आणि माझं दहावं-तेरावं करू नका असं लिहून ठेवलंय, ते बरोबर आहे ना?"

नमस्कार,

फाइल करायला घेतलीत हे चांगलं केलंत, हे आधी सांगते. त्यात अभद्र काही नाही. पिशवीतली ती पासबुकं, विम्याच्या पावत्या, आणि यातलं कामाचं काय नि रद्दीचं काय हेही न कळणारी समोर बसलेली मित्राची बायको, हे डोळ्यांनी पाहिल्यावर घरी येऊन स्वतःचे कागद लावायला बसणं हे जबाबदार माणसाचं काम आहे. अशी पत्रं मला अधूनमधून येतात, बहुतेक साठी ओलांडलेल्या पुरुषांची. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले. आई रोज संध्याकाळी 'देवा, ने आता' म्हणतात आणि तुम्ही त्यांना रागावता. हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'आईचं वेगळंच' म्हणून बाजूला सारलंय. मला ते वेगळं वाटत नाही. तुमच्या घरात मरणाबद्दल बोलू पाहणारी माणसं दोन आहेत. एकाला बायको आणि मुलगी गप्प करतात, दुसरीला तुम्ही. शब्दही जवळजवळ तेच: असं बोलू नये.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. पण आईला आपण का गप्प करतो हे तुमच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला सांगता येणार? आईला दुखवायचं म्हणून तर नक्कीच नाही. तिच्या तोंडून ते ऐकलं की पोटात गलबलतं. रिकामी कॉट, देवघरासमोरचा तिचा पाट क्षणभर दिसून जातो. आणि त्यावर आपल्या हातात काही उपाय नसतो. माणसाची जातच अशी आहे की उपाय सापडला नाही की तो रागावतो. आता हेच सगळं वहिनींच्या जागी ठेवून पाहा. जेवण झालंय, ताटं अजून उचलायची आहेत, आणि नवऱ्यानं 'माझ्यानंतर' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली फाइल समोर ठेवलीय. तुम्हाला तिच्यात खाती आणि क्रमांक दिसत होते. त्यांना काय दिसलं असेल?

तुम्ही सगळ्यांना पळपुटे म्हणता, ते म्हणूनच मला पटलं नाही. 'पूर्वीची माणसं धीट' हे तर अर्धंच पटलं. पूर्वी मरण घरात घडायचं, इतकं खरं आहे. माणूस माजघरात जायचा, गंगाजळ आणि तुळशीपत्र घरचेच तोंडात घालायचे, पोरंसोरं दारातून बघायची. आता शेवटचे दिवस अतिदक्षता विभागात काचेपलीकडे जातात. भेटायची वेळ ठरलेली, तीही एकेकानं आत जायचं, आणि बातमी कळते ती बाहेरच्या बाकावर. तासाभरात ग्रुपवर 'शवयात्रा निवासस्थानाहून पंचकुइया मुक्तिधाम' असा मेसेज, तिसऱ्या दिवशी उठावना, म्हणजे सांत्वनाची बैठक, आणि उठावन्याहून लोक थेट ऑफिसला. मरण जवळून बघायची सवय आपली मोडली, हे कबूल. पण सवय असली म्हणजे धीटपणा असतो, हे मात्र मी कबूल करणार नाही. जुन्या घरांतही तो शब्द सरळ कुणी उच्चारत नसे. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, तिन्हीसांजेला वेडंवाकडं बोलायचं नाही, हा धाक तुम्हाआम्हाला घालणाऱ्या त्याच आज्या आणि पणज्या होत्या. आज तुम्ही तो आईंना परत घालता.

आणि धीर म्हणजे तरी काय? आपण इंदूरची माणसं, अहिल्यादेवींचं उदाहरण आपल्याला लहानपणापासून मिळतं. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. तसबिरीत त्या हातावर शिवलिंग घेऊन शांत बसलेल्या दिसतात आणि आपण समजतो की त्यांना काही हलवूच शकत नव्हतं. पण १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि लेक मुक्ताबाई सती जायला निघाली, तेव्हाची हकिगत जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्यानं माळव्यात लोकांकडून ऐकून लिहून ठेवलीय. लेकीची विनवणी करून झाली, ती ऐकेना. मग अहिल्यादेवी स्वतः चितेपाशी जाऊन उभ्या राहिल्या, दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरले होते. पहिला जाळ उठला तसा त्यांचा स्वतःवरचा ताबा सुटला. त्या किंचाळल्या, आणि धरलेले हात सोडवता येईनात म्हणून त्याच हातांचे चावे घेऊ लागल्या. मग नर्मदेवर स्नान झालं, त्या वाड्यात गेल्या आणि तीन दिवस अन्न जवळजवळ नाही, कुणाशी एक शब्द नाही. त्यानंतर उठल्या, गेलेल्यांसाठी स्मारक बांधायला घेतलं आणि १७९५ मध्ये स्वतः जाईपर्यंत राज्य सांभाळलं.

हे इतकं लांबवून सांगितलं, कारण आपल्याकडे पुरुषमंडळींना बायकांचं उठून जाणं, रडणं, गप्प बसणं म्हणजे विषय टाळणं वाटतं. तीन दिवस न बोललेली ती बाई काहीही टाळत नव्हती. वहिनीही त्या रविवारी आत गेल्या त्या विषय कळला म्हणूनच गेल्या असतील. तुम्ही 'कसं समजावू' असं विचारता, पण समजावण्यासारखं काही उरलेलंच नसेल तर? मग त्यांना हवंय ते तुमचं सोबत बसणं.

आता त्या फाइलबद्दल. तिच्यात एक मोठी गोष्ट तुम्ही न बोलता धरून चाललात: आधी तुम्ही जाणार, मागे वहिनी राहणार. उलट झालं तर? आईंची सकाळची गोळी कोणती, रात्रीची कोणती, कुठली जेवणाआधी द्यायची? कोणत्या कुशीवरून उठवलं की त्यांचा गुडघा कमी दुखतो? धुणंभांड्याच्या बाईनं किती उचल घेतलीय, दुधाचा हिशेब कसा चालतो, संक्रांतीला मुलीच्या सासरी काय पाठवायचं असतं? ही सगळी फाइल वहिनींच्या डोक्यात आहे आणि ती तुम्ही त्यांच्याकडे कधी मागितलेली नाहीत. तुमच्या पत्रावरून तरी असंच दिसतं. म्हणजे 'माझ्यावाचून तुला काय करावं लागेल' हे तुम्ही लिहून काढलंत, पण 'तुझ्यावाचून मला काहीच येत नाही' हे म्हणायचं राहून गेलं. माझा आग्रह आहे की सुरुवात इथून करा. कोरी वही घेऊन स्वयंपाकघरात बसा आणि त्यांना सांगायला लावा. वहीला 'माझ्यानंतर' असलं नाव देऊ नका, 'घराची वही' म्हणा. गोळ्यांच्या पानापासून सुरू केलंत तर बँकेच्या पानापर्यंत त्या आपोआप येतील, आणि नाही आल्या तरी आईंच्या गोळ्या तुम्हाला कळलेल्या असतील.

आधी सोबत काहीतरी करावं आणि कागद मागून आणावा, हे आपल्या शहरानं एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. १९१७ साली प्लेगनं इंदूर त्रासलेलं असताना पॅट्रिक गेडेस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इथे आले होते. त्यांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. पण त्याआधीच्या दिवाळीत त्यांनी शहरातून मिरवणूक काढायला लावली. तिच्यात अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिकृती होती, आणि रस्ते झाडणारी माणसं स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत मानानं चालली होती. जो मोहल्ला सर्वात स्वच्छ, तिथून मिरवणूक जाणार असं आधीच जाहीर केलेलं, म्हणून लोकांनी घरंदारं घासून काढली. शेवटी तो राक्षस जाळला. ज्या रोगानं घरोघरी माणसं नेली होती त्याचं नाव काढायलाही लोक भीत असणार, पण बायकापोरं गच्च्यांवरून त्याच उंदराला बघत होती. नुसता अहवाल वाटला असता तर कुणी किती वाचला असता? तुमच्या घरी अहवाल आधी आला, एवढंच झालंय.

पत्रात मित्राच्या कागदांबद्दल बरंच आहे. मित्राबद्दल फार थोडं. शाळेपासूनची पन्नासेक वर्षांची सोबत एका सकाळी बूट घालता घालता संपली, आणि तुम्ही लगेच कामाला लागलात. पुरुष दुःखात बऱ्याचदा असंच करतात, हातांना काम देतात. त्यात वावगं काही नाही. फक्त घरच्यांना तुमची फाइल दिसते, दुःख दिसत नाही. वहिनींनीही त्यांना इतकी वर्षं चहा दिलाय, दिवाळीचं फराळाचं ताट दिलंय. त्यांची आठवण तुम्ही दोघांनी मिळून कधी काढलीत का? एखाद्या संध्याकाळी फाइलचा उल्लेखही न करता नुसतं म्हणा की आज त्याची फार आठवण आली. मला वाटतं, तुमच्या घरात या विषयाचं दार तिथून उघडेल.

आणि त्याच्या बायकोकडे जा. उठावन्याला गर्दी होते, दहाव्याला बऱ्यापैकी माणसं असतात, पुढे मात्र कुणी फिरकत नाही. कागदांची खरी लढाई तेव्हाच सुरू होते. तुमच्याकडे वेळ आहे, चिकाटी आहे, फॉर्म भरायची सवय आहे. आठवड्यातून एक सकाळ त्यांना द्या, आणि जाताना वहिनींना बरोबर न्या. नवरा गेलेल्या बाईशी दोन तास बोलून आल्यावर घरी येताना रिक्षात वहिनी स्वतःहून काय विचारतात ते बघा.

मुलीचं म्हणणं उडवून लावू नका. मरणाचा विचार करणं म्हणजे डिप्रेशन नव्हे, इथे तुमची बाजू बरोबर आहे. पण वडिलांच्या आवाजात काहीतरी बदललंय हे तिनं शेकडो मैलांवरून ओळखलं, त्यात तिचंही चुकलेलं नाही. स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: झोप लागते का, की पहाटे तीनला डोळे उघडतात? जेवणाची चव गेलीय का? पूर्वी ज्यात मन रमायचं, मग ते सकाळचं फिरणं असो, क्रिकेट असो की नातवंडांचा फोन, त्याचा कंटाळा येतो का? 'आता नसलो तरी चालेल' असं आतून वाटतं का? यातलं दोन आठवड्यांहून जास्त टिकून असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा. आणि नसण्याची ओढ वाटत असेल तर दोन आठवडे थांबूही नका, आजच घरात कुणाला तरी सांगा. १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते, तिथे मानसिक आरोग्याचे प्रशिक्षित लोक बोलतात. यातलं काहीच नसेल तर मुलीला तसं शांतपणे सांगा आणि 'तुला माझी कसली काळजी वाटते' हेही विचारा. लांब राहणाऱ्या मुलांच्या मनात एकच धास्ती असते, रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनची. 'बाबा, डॉक्टरांना दाखवा' हे ती त्या धास्तीतून बोलली असेल.

आता आई. तुमच्या पत्राचं खरं उत्तर मला त्यांच्या कॉटपाशी दिसतं, म्हणून इथे जरा थांबते.

लोकमान्य नगरात माझ्या ओळखीच्या एका घरात नव्वदीच्या आजी होत्या. त्याही 'आता पुरे झालं' म्हणायच्या, आणि घरातले 'शंभरी करायचीय तुमची' म्हणून विषय बदलायचे. एकदा नातसुनेनं तो बदलला नाही. दोघी मेथी निवडत बसल्या होत्या. तिनं विचारलं, "आजी, कसली भीती वाटते हो तुम्हाला?" आजींनी हातातली काडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मला कवळीशिवाय नेऊ नका गं. लोक तोंड बघायला येतात. ह्यांनीसुद्धा मला कधी तशी पाहिली नाही." घरच्यांना इतकी वर्षं वाटत होतं की त्यांना दुखण्याची भीती आहे. कवळी रात्री काढून वाटीत ठेवलेली असायची. माणूस गेल्यावर काही तासांतच जबडा आवळायला लागतो, मग तोंड उघडत नाही आणि कवळी बसत नाही. आजी पहाटे झोपेत गेल्या. घरात फोनाफोनी चालू असताना नातसुनेनं आधी वाटी उचलली. मागून कळलं असतं तर ते काम होण्यासारखं उरलं नसतं.

तुमच्या आईंच्या 'ने आता'मागे काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. दुखत असेल. कंटाळा आला असेल, ऐकू कमी येतं म्हणून एकटं वाटत असेल. सगळ्यांना आपल्यामुळे त्रास होतो असं वाटत असेल. किंवा खरंच तयारी झाली असेल, आयुष्यभराचं काम उरकलेल्या माणसाची असते तशी. दुखण्यावर औषध बदलता येतं, कानाला यंत्र बसवता येतं, एकटेपणाला तुमची खुर्ची त्यांच्या कॉटजवळ सरकवता येते. पण हे कळायला त्यांना एकदा बोलू द्यावं लागेल. आज संध्याकाळी त्या म्हणाल्या की रागावू नका, 'का गं आई, काय होतंय?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. तुम्ही उत्तर द्यायची घाई केलीत की त्या थांबतील. त्यांचे दागिने, पैठणी कुणाला, कुणाला भेटायचं राहिलंय, गावचा कुठला कुळाचार कुणी चालवायचा, हे हळूहळू येईल. आणि वहिनी ते आतून ऐकत असतील. मरणाबद्दल बोललं तरी माणूस तुटत नाही, हे घराला तुमच्या फाइलपेक्षा आईंजवळच्या त्या अर्ध्या तासानं जास्त लवकर कळेल.

एक गोष्ट त्यांना वेळेत विचाराच: फार आजारी पडले तर दवाखान्यात नळ्या लावून ठेवलेलं चालेल, की घरी राहायचंय? हा प्रश्न अतिदक्षता विभागाच्या दारात मुलाला विचारला जातो तेव्हा तो बहुतेक वेळा 'सगळं करा' म्हणतो, कारण दुसरं काही म्हणायचं बळ त्याला कुणी दिलेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात, मान्यता दिली. बरं होण्याची आशा उरलेली नसताना केवळ यंत्रांवर जगवत ठेवू नये, असं त्यात लिहिता येतं. पूर्वी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावं लागे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलं की पुरतं. स्वतः बोलता येणार नाही तेव्हा आपल्या वतीनं कोण बोलेल त्यांची नावं त्यात घाला, एकाहून जास्त घातली तर बरं, आणि एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्या. त्यावर लगेच काही बंद होत नाही, डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात आणि मगच निर्णय होतो. आईंना जमत असेल तर त्यांचं करा, आणि स्वतःचंही. साठीतल्या सगळ्याच वाचकांना मी हे सांगेन.

नेत्रदानाचं मनात असेल तर तेही बोलून ठेवा. साधारण सहा तासांच्या आत ते व्हावं लागतं, पथक घरीही येतं. तोवर पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी सहसा अडत नाही. इंदुरात अवयवदानासाठी रस्ते मोकळे करून रुग्णवाहिका धावलेल्या आपण अनेकदा वाचल्यात. त्या प्रत्येक वेळी घरच्या कुणीतरी सर्वात वाईट क्षणी 'हो' म्हटलं होतं. कार्ड भरलेलं असलं तरी ऐन वेळी घरच्यांनाच विचारतात, म्हणून कार्डापेक्षा घरच्यांना माहीत असणं जास्त कामाचं.

बाकी कागदांचं पटकन सांगते, कारण ते तुम्हाला येतंच. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, सही दोन साक्षीदारांसमोर हवी. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. साक्षीदार आपल्याहून तरुण निवडा, आणि ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. बँकेतला नॉमिनी पैसे हातात घेतो, पण त्यामुळे तो मालक होत नाही, वारसांचा हक्क राहतोच. हे माहीत नसल्यामुळे भावाभावांत भांडणं लागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दाखल्याच्या प्रती भरपूर घ्याव्यात, त्या प्रत्येक खिडकीवर लागतात. मोबाइलचा पिन वहिनींना आजच सांगा आणि त्यांचा तुम्ही विचारून घ्या. माणूस गेल्यावर त्याचं सिम लगेच बंद करू नये, बँका, विमा, गॅस, सगळ्यांचे संदेश त्याच नंबरवर येत असतात. मात्र पिन हाती आहे म्हणून गेलेल्या माणसाच्या खात्यातून ऑनलाइन पैसे हलवू नयेत. बँकेला कळवून रीतसर दावा करावा, नाहीतर पुढे उत्तरं देत बसावं लागतं.

राहिलं दहावं-तेरावं. 'करू नका' असं तुम्ही लिहिलंत. तुमचा विश्वास नाही, हे मी समजू शकते, आणि अवास्तव खर्च, दक्षिणेची घासाघीस, गावजेवण नको असं लिहिलंत तर मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. पण सरसकट मनाई लिहू नका. ते दिवस गेलेल्या माणसापेक्षा मागे उरलेल्यांसाठी असतात. घरात चूल पेटत नाही तेव्हा शेजारून पिठलं-भात येतो, कोण कुठली मावसबहीण रात्री सोबतीला झोपते, रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन बसतं आणि तीच हकिगत पुन्हा ऐकून घेतं. वहिनींना त्या दिवसांची गरज पडेल की नाही हे तुम्हाला आज ठरवता येणार नाही. 'माझ्यासाठी नाही केलंत तरी चालेल, तुम्हाला जे बरं वाटेल ते करा' असं लिहा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. आणि आईंचं मात्र त्यांनाच विचारा. त्यांना पिंड हवा असेल, कावळा शिवायला हवा असेल, अस्थी नर्मदेत सोडायला हव्या असतील, तर तुमचा विश्वास असो नसो, ते तुम्ही नीट करायचं आहे, आणि 'करीन' असा शब्द त्यांना त्या ऐकू शकतात तोवर द्यायचा आहे.